टाक्यांचा ठणका, पोटातली कळ

सिझेरियन दुपारी झालेले असते. कमरेतून दिलेल्या भुलीचा अंमल दोन-तीन तासांत ओसरतो, पाय हलू लागतात आणि संध्याकाळी पेढे घेऊन आलेली मंडळी पांगेपर्यंत टाके ठणकू लागलेले असतात. रात्री बाळ रडते. कुशीवर वळायचे तर एक हात पोटाला लावून, दात आवळून वळावे लागते. सिस्टरला सांगावे तर ‘आत्ताच इंजेक्शन दिलंय, सहा तासांनी पुढचं’ असे उत्तर येते. उशाशी बसलेली आई किंवा सासू ‘एवढं सोसावंच लागतं गं’ म्हणते. तिच्या बोलण्यात माया असते, पण त्यामुळे दुखणे कमी होत नाही.

हा अनुभव थोड्याथोडक्या घरांतला राहिलेला नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने होतात. खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के आहे. म्हणजे खासगी दवाखान्यात बाळंत होणारी जवळजवळ प्रत्येक दुसरी स्त्री पोटावर मोठी शस्त्रक्रिया करून घेऊन घरी जाते. इतकी सिझेरियन का होतात, यावर भरपूर लिहिले-बोलले जाते आणि ते योग्यच आहे. पण झालेल्या सिझेरियननंतरचे पहिले दोन दिवस कसे जातात, हा विषय मात्र ‘बायकांचे सोसणे’ या सदरात ढकलला जातो. अपेंडिक्स काढलेल्या पुरुषाला चोवीस तास अंथरुणातून न उठण्याची मुभा असते. इथे त्याच अवस्थेतल्या बाईने दर दोन-अडीच तासांनी बाळाला पाजायचे असते.

दुसरीकडे, शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर भूलशास्त्रात गेली पंचवीस वर्षे नवनव्या युक्त्या येत आहेत. पाठीच्या कण्याला हात न लावता फक्त पोटाच्या नसा बधिर करायच्या, असे हे ‘ब्लॉक’. टॅप ब्लॉक, क्वाड्रेटस लम्बोरम ब्लॉक, इरेक्टर स्पायनी ब्लॉक, रेक्टस शीथ ब्लॉक अशी नावे आहेत. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई पाहत स्नायूंच्या थरांमध्ये औषध सोडायचे, की तेवढा भाग काही तास शांत. यातला सर्वांत चांगला कोणता, असा प्रश्न डॉक्टरांनाही पडतो आणि आता इंटरनेटवर वाचून आलेल्या नातेवाइकांनाही. प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र तो असा सुटा विचारला की उत्तर हमखास चुकते. आधी दोन पोटप्रश्न सोडवावे लागतात. दुखणे नेमके कुठले? आणि हा ब्लॉक चांगला, तो कशाच्या तुलनेत?

पहिल्याचे उत्तर शरीररचनेत आहे. पोटाच्या बाजूची भिंत तीन स्नायूंच्या थरांची असते. बाहेरचा तिरका, त्याखाली आतला तिरका आणि सर्वांत आत आडवा. छातीच्या खालच्या आणि कमरेच्या वरच्या मणक्यांजवळून निघालेल्या नसा या शेवटच्या दोन थरांमधल्या फटीतून पुढे येतात. पोटाची कातडी, स्नायू आणि पोटाच्या आतल्या अस्तराचा बाहेरचा पदर यांची वेदना त्या वाहून नेतात. त्या फटीत पुरेसे औषध सोडले तर ते पसरते आणि एकाच टोचणीत अनेक नसा बधिर होतात. हाच टॅप ब्लॉक; आडव्या स्नायूच्या लॅटिन नावावरून पडलेले हे लघुरूप आहे. चिरेचा आणि टाक्यांचा ठणका तो चांगला थोपवतो.

पण पोटात अवयव असतात आणि त्यांची वेदना या वाटेने जातच नाही. गर्भाशय, आतडी, पित्ताशय यांचे निरोप वेगळ्या, स्वायत्त मज्जासंस्थेच्या तारांतून मेंदूकडे पोचतात. प्रसूतीनंतर गर्भाशय आकुंचन पावते तेव्हा जी कळ येते, ती या दुसऱ्या वाटेची. बाळ दूध ओढू लागले की शरीरात ऑक्सिटोसिन स्रवते आणि नेमकी तेव्हाच कळ वाढते; दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात तर जास्तच. टॅप ब्लॉक कितीही अचूक दिला तरी या कळेला तो शिवत नाही. दुर्बिणीतून पित्ताशय काढलेल्यांचा खांदा दुखतो, तेही असेच. पोटात भरलेल्या वायूमुळे श्वासपटल चिडते, त्याची नस मानेतून आलेली असते आणि मेंदू ते दुखणे खांद्याच्या खाती मांडतो. पोटाची भिंत बधिर करून खांदा कसा थांबणार? ‘ब्लॉक दिला तरी दुखतंय’ अशा तक्रारींतल्या पुष्कळ तक्रारींचे मूळ इथे असते. ब्लॉक फसलेला नसतो, तो त्या दुखण्यासाठी नसतोच.

दुसरा पोटप्रश्न, तुलनेचा, समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो.

२००१ मध्ये ए. एन. रफी यांनी ‘अ‍ॅनास्थेशिया’ या ब्रिटिश नियतकालिकात एका छोट्या टिपणात ही युक्ती मांडली. कमरेच्या कडेला, नितंबाच्या हाडाच्या वर एक लहानसा त्रिकोणी भाग बोटाला लागतो. तिथून बोथट सुई आत सारायची आणि स्नायूचे आवरण भेदल्याचा ‘टक्’ असा भास हाताला झाला की औषध सोडायचे. सोनोग्राफी नाही, सगळा भरवसा बोटांच्या जाणिवेवर. पुढे आयर्लंडमधील जॉन मॅक्डॉनेल आणि सहकाऱ्यांनी ती पारखून पाहिली. त्यांच्या २००७ च्या चाचणीत मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया झालेले ३२ रुग्ण होते. ब्लॉक मिळालेल्यांना पहिल्या चोवीस तासांत सरासरी २१.९ मिलिग्रॅम मॉर्फिन लागले, न मिळालेल्यांना ८०.४. पुढच्या वर्षी ५० सिझेरियन झालेल्या स्त्रियांवरचा निष्कर्षही तसाच ठळक आला. अठ्ठेचाळीस तासांतले मॉर्फिन ६६ मिलिग्रॅमवरून १८ वर आले. असे आकडे पाहून भूलतज्ज्ञांना उत्साह आला नसता तरच नवल.

मात्र त्या सिझेरियनच्या चाचणीत एक गोष्ट नव्हती. कमरेतून भूल देतानाच त्या औषधात मॉर्फिनचा एक सूक्ष्म अंश मिसळण्याची पद्धत पाश्चात्त्य प्रसूतिगृहांत तेव्हाही रुळलेली होती. हा अंश साधारण १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा. शिरेतून देण्याच्या मानाने तो नगण्य. पण थेट मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात गेल्यामुळे त्याचा परिणाम बराच वेळ, कित्येकदा चोवीस तासांपर्यंत टिकतो. आणि तो वेदनेचा निरोप मज्जारज्जूच्या दारातच अडवत असल्याने टाक्यांचा ठणका आणि गर्भाशयाची कळ दोन्हींवर चालतो.

२००९ मध्ये टोरांटोच्या डॉक्टरांनी सुमारे १०० स्त्रियांवर तीच कसोटी पुन्हा लावली, पण यावेळी सगळ्यांनाच कमरेतून हे मॉर्फिन दिलेले होते. टॅप ब्लॉकचा वेगळा फायदा दिसेनासा झाला. २०११ मध्ये डब्लिनच्या चाचणीत ८० स्त्रियांचे चार गट केले. मॉर्फिन व ब्लॉक दोन्ही, फक्त मॉर्फिन, फक्त ब्लॉक आणि दोन्ही नाही. कमरेतले मॉर्फिन सरस ठरले. त्यावर ब्लॉक जोडून अधिक काही हाती लागले नाही. म्हणजे आधीच्या आयरिश चाचणीत खोट होती असे नाही. तिथे ब्लॉकची तुलना ‘ब्लॉक नाही’ याच्याशी होती, इथे ती दुसऱ्या चांगल्या उपायाशी झाली. अंधारात मेणबत्ती उजेड देते, दिवा लावल्यावर ती दिसत नाही. मेणबत्ती तीच असते.

पुढच्या ब्लॉकांच्या बाबतीतही कथा थोड्याफार फरकाने हीच घडली. क्वाड्रेटस लम्बोरम ब्लॉक राफाएल ब्लांको यांनी २००७ मध्ये मांडला. इथे औषध आणखी मागे, कण्याच्या कडेच्या स्नायूजवळ सोडतात, त्यामुळे ते खोलवर पसरून अवयवांच्या वेदनेलाही काही प्रमाणात गाठेल अशी आशा. २०१६ मध्ये ब्लांको आणि सहकाऱ्यांनी सिझेरियननंतर त्याची थेट टॅपशी तुलना केली आणि त्यात या नव्या ब्लॉकने मॉर्फिनची गरज अधिक कमी केली. ही तुलना दोन ब्लॉकांमधली असल्याने खरोखर उपयोगाची. पण कमरेतून मॉर्फिन दिलेल्या स्त्रियांमध्ये या ब्लॉकचीही जादा कमाई नंतरच्या एकत्रित अभ्यासांत फारशी उरली नाही. शिवाय औषध खोल पसरले तर मांडीचा स्नायू काही तास लुळा पडू शकतो आणि बाळाला घेऊन उभी राहणारी बाई पडू शकते. इरेक्टर स्पायनी ब्लॉक २०१६ मधला. तो मुळात छातीच्या चिवट नसदुखीसाठी मांडला गेला आणि दोन-तीन वर्षांत जवळजवळ प्रत्येक शस्त्रक्रियेत वापरून झाला. औषध नेमके कुठवर पसरते याबद्दल मृतदेहांवरील अभ्यासांचेच एकमत नाही, तरी कार्यशाळांत त्याला गर्दी असते. सुई सोपी असली की ती लवकर लोकप्रिय होते, हेही त्यामागचे एक कारण.

या सगळ्या चाचण्या बहुतेक लहान असतात, पन्नास-शंभर रुग्णांच्या. २०१० मध्ये कॉक्रेन समूहाने टॅप आणि रेक्टस शीथ ब्लॉकवरचे उपलब्ध पुरावे एकत्र केले तेव्हा आठ अभ्यास आणि एकंदर ३५८ रुग्ण हाती लागले. मॉर्फिन कमी लागते हे खरे निघाले. पण त्यामुळे मळमळ, उलट्या किंवा गुंगी कमी झाल्याचे दिसले नाही. बाईच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा. तक्त्यात मॉर्फिनचा आकडा घसरला म्हणून तिची रात्र बरी गेली असे आपोआप ठरत नाही.

मग ब्लॉक निरुपयोगी का? अजिबात नाही. तातडीच्या सिझेरियनमध्ये पूर्ण भूल द्यावी लागली तर कमरेतल्या मॉर्फिनचा प्रश्नच येत नाही; तिथे टॅप किंवा क्वाड्रेटस ब्लॉक मोठा आधार ठरतो. मॉर्फिनने अंगभर खाज सुटते, उलट्या होतात. आधीच्या वेळी हे भोगलेली स्त्री ब्लॉक निवडू शकते. शस्त्रक्रियेनंतर टाके असह्य ठणकत असतील तर वॉर्डात जाऊनही तो देता येतो. आतड्याच्या मोठ्या शस्त्रक्रियांचे गणित आणखी वेगळे. तिथे पाठीत बारीक नळी ठेवून औषध सोडणारी एपिड्यूरल पद्धत वर्षानुवर्षे अव्वल मानली गेली. २००२ च्या मोठ्या ‘मास्टर’ चाचणीत तिने वेदना आणि श्वसनाचे गंभीर त्रास कमी केले, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. तिने रक्तदाब उतरतो, पाय जड होतात, नळी सरकते; दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियांत चीरच लहान, म्हणून एवढा खटाटोप नको वाटतो आणि पोटाच्या भिंतीचा ब्लॉक पुरतो. (कमरेतल्या सुईमुळे जन्मभर पाठ दुखते ही समजूत मात्र यातून वगळावी. ब्रिटनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, सात लाखांहून अधिक टोचण्यांच्या देशव्यापी पाहणीत कायमच्या इजेचे प्रमाण अगदी वाईट बाजूने धरूनही लाखात ४.२ निघाले आणि प्रसूतीतल्या टोचण्यांत तर धोका आणखी कमी होता.)

ब्लॉक बिनधोक असतो हा समजही तपासायला हवा. टॅप ब्लॉक दोन्ही बाजूंना द्यावा लागतो, प्रत्येकी वीस मिलिलिटरच्या आसपास. स्नायूंमधून औषध रक्तात झिरपते आणि बाळंतिणीच्या शरीरात ते अधिक मोकळे फिरते. सिझेरियननंतर टॅप घेतलेल्या काही स्त्रियांच्या रक्तात औषधाची पातळी विषारी मर्यादेपर्यंत गेल्याचे मोजले गेले आहे आणि क्वचित आकडी आल्याच्याही नोंदी आहेत. ब्युपिव्हाकेन जास्त झाले तर हृदयच बंद पडू शकते. यावरचा उतारा शिकागोचे गाय वाइनबर्ग यांच्या प्रयोगातून १९९८ मध्ये समोर आला. शिरेतून पोषणासाठी देतात ते दुधासारखे दिसणारे लिपिड इमल्शन. ब्लॉक देणाऱ्या प्रत्येक ऑपरेशन थिएटरात त्याची बाटली हाताशी असायला हवी. वजनानुसार मात्रा मोजणे आणि ही बाटली ठेवणे, या दोन गोष्टी होत नसतील तर तिथे ब्लॉकचा हट्ट न धरलेला बरा.

इथवरच्या पुराव्यांनी निघणारे उत्तर साधे आणि स्वस्त आहे. कमरेतून भूल देताना मॉर्फिनचा सूक्ष्म अंश. त्यानंतर पॅरासिटामॉल आणि मूत्रपिंड, रक्तस्राव वा अल्सरची अडचण नसेल तर डायक्लोफिनॅकच्या जातीचे औषध, दोन्ही मागण्याची वाट न पाहता घड्याळ लावून. मॉर्फिन देता आले नाही तर ब्लॉक, नाही तर टाके घालताना शल्यचिकित्सकाने चिरेच्या कडांतच बधिर करणारे औषध भरावे. या शेवटच्या उपायाला ना सोनोग्राफी लागते ना वेगळा तज्ज्ञ आणि तुलनांत तो टॅपच्या फारसा मागे पडलेला नाही. युरोपीय ‘प्रॉस्पेक्ट’ गटाच्या सिझेरियनसाठीच्या शिफारशींचा गाभाही हाच.

मग आपल्याकडे हे सरसकट का होत नाही? त्याला कारणे आहेत आणि ती सगळी डॉक्टरांच्या माथी मारता येणार नाहीत. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिन बाळगणे इतके किचकट केले की अनेक छोट्या रुग्णालयांनी त्याचा नादच सोडला. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला, मॉर्फिन आणि फेंटानिलसह सहा औषधे ‘अत्यावश्यक अमली औषधे’ ठरली, देशभर एकसारखे नियम आले. कागदावर वाट मोकळी झाली, पण परवाना, नोंदवही, कुलपाचे कपाट यांची धास्ती अजून गेलेली नाही. शिवाय कमरेत सोडायचे मॉर्फिन परिरक्षक नसलेले असावे लागते आणि ते प्रत्येक तालुक्याच्या औषध दुकानात मिळत नाही.

गंमत अशी की, ब्लॉककडे वळावे तर तिथे दुसरा कायदा उभा असतो. गर्भलिंगनिदान रोखण्याचा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला आणि त्यांची गरज कोणी नाकारणार नाही. पण सोनोग्राफीचे प्रत्येक यंत्र त्या कायद्याखाली नोंदवावे लागते आणि हातात नेण्याजोग्या यंत्रावर २०१२ पासून आणखी कडक बंधने आहेत. आपल्याकडच्या लहान गावांतला भूलतज्ज्ञ एका दिवसात तीन-चार दवाखाने फिरतो. स्वतःचे यंत्र गाडीत टाकून तो फिरू शकत नाही. गर्भाशय नव्हे तर पोटाच्या बाजूचे स्नायू पाहायला यंत्र हवे, हे खरे असूनही. या दोन्ही कायद्यांना धक्का न लावता भूलतज्ज्ञांसाठी नोंदणीची सोपी, तपासता येण्याजोगी तरतूद करणे राज्याच्या आरोग्य खात्याच्या आवाक्यातले आहे.

सर्वांत अवघड अडचण रात्रीची. कमरेतले मॉर्फिन क्वचित श्वास मंदावते, म्हणून बाईवर लक्ष हवे आणि भूलतज्ज्ञ तर केव्हाच पुढच्या गावी गेलेला. या भीतीपोटी मॉर्फिन टाळणारे डॉक्टर बेजबाबदार नाहीत, सावध आहेत. तरी ही भीती मोजून घ्यायला हवी. अमेरिकेतल्या प्रसूती-भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये ठरवल्यानुसार, निरोगी स्त्रीला १५० मायक्रोग्रॅमपर्यंतची मात्रा दिली असेल तर बारा तास, दर दोन तासांनी श्वास मोजणे आणि गुंगी पाहणे पुरेसे आहे. त्याला अतिदक्षता विभाग लागत नाही, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि शिकवलेली एक सिस्टर लागते. जिथे तेवढेही नाही, तिथे ब्लॉक किंवा चिरेतले औषध हाच योग्य पर्याय. पण ‘सोसा’ हा पर्याय नव्हे. १२८८ बाळंतिणींच्या २००८ सालच्या अभ्यासात, प्रसूतीनंतर लगेच तीव्र वेदना झालेल्यांमध्ये आठ आठवड्यांनीही दुखत राहण्याचा धोका अडीचपट आणि नैराश्याचा तिप्पट आढळला. वेदनेमुळेच नैराश्य आले असे त्यावरून सिद्ध होत नाही, तरी पहिल्या रात्रीचा ठणका पहिल्या रात्रीपुरता नसतो एवढे त्यातून नक्कीच दिसते.

बाळंतिणीच्या केसपेपरवर ताप, नाडी, रक्तदाब, लघवीचे प्रमाण यांचे रकाने असतात. वेदनेचा रकाना पुष्कळ ठिकाणी नसतो; असला तरी बाई निजलेली असताना विचारून भरलेला असतो. चाचण्यांत हा आकडा दोनदा घेतात, स्वस्थ पडल्यावर आणि खोकताना किंवा उठून बसताना, कारण ब्लॉक आणि मॉर्फिन यांची खरी परीक्षा दुसऱ्या वेळी होते. नववा महिना लागल्यावर दवाखान्याची पिशवी भरताना घरच्यांनी भूलतज्ज्ञाची एकदा गाठ घालून द्यायला सांगावे आणि त्यांना विचारावे. कमरेतल्या इंजेक्शनात मॉर्फिन असणार का. नसेल तर टाक्यांसाठी काय करणार. गोळ्या-इंजेक्शने वेळेवर मिळणार की मागितल्यावर. आणि रात्री दोन वाजता फार दुखू लागले तर फोन कोणाला करायचा.